अनुभव धागा: शर्यत आणि बिघडलेलं हवामान

धावणारा फार तर भिजतो. शर्यत घ्यायची, थांबवायची की रद्द करायची हे आयोजकाला ठरवावं लागतं, तेही हजारो लोक बिब (छातीवरचा नंबर) लावून उभे असताना. धावताना, स्वयंसेवा करताना, आयोजनात काय पाहिलंत ते लिहा. तक्रार असेल तर नावं टाळा. सुरुवात मीच करते.

स्टार्टला उभे होतो आणि वीज चमकली. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर सगळ्यांना आत न्यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम त्यांनी पाळला. अर्ध्या तासाचं घड्याळ दोनदा पुन्हा शून्यावर आलं. रस्ता बंद ठेवायची परवानगी काही वाढत नाही, म्हणून फुल मॅरेथॉनची हाफ झाली. माझी चिडचिड झाली नाही, कारण नवीन काही नसलं तरी माईकवरून सतत सांगत होते.

पाण्याच्या टेबलावरून
उन्हाचा अनुभव. आमच्याकडे झेंडे होते: हिरवा, पिवळा, लाल, काळा. ते नुसत्या तापमानावर बदलत नाहीत. तापमान, आर्द्रता, ऊन, वारा सगळं धरून डब्ल्यूबीजीटी, म्हणजे शरीरावर येणाऱ्या उष्णतेच्या ताणाचा आकडा, मोजतात. काळा झेंडा लागला, शर्यत थांबली, तरी लोक पळतच होते! घड्याळ बंद केलंय म्हटलं तर "माझं चालू आहे" म्हणून मनगट दाखवायचे. २००७ ची शिकागो मॅरेथॉनही उष्म्यामुळे मध्येच थांबवली होती.

ट्रेलवाला
डोंगरातल्या शर्यतीत सक्तीचं सामान नुसतं कागदावर असून चालत नाही. चीनमध्ये गान्सू प्रांतात मे २०२१ मधल्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत गारा, गारठलेला पाऊस आणि वाऱ्यात २१ धावपटू गेले. मी हल्ली जिथे जातो तिथे स्टार्टला सॅक उघडून जॅकेट बघतात. नसेल तर परत पाठवतात. लोक वाद घालतात, घालू देत.

पैसे बुडालेली
आमची शर्यत आदल्या रात्री रद्द. रिफंड नाही, मेडल मात्र घरपोच. न धावता मिळालेल्या मेडलचं मी काय करू?

आयोजनातला एक
ताई, राग रास्त आहे. पण टी-शर्ट, मेडल, टायमिंग, बॅरिकेड यांचे पैसे आधीच गेलेले असतात. म्हणून रद्द झाल्यास काय, हे नोंदणीच्या पानावरच ठळक लिहायला हवं. सँडी वादळानंतर २०१२ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन रविवारी व्हायची होती, ती शुक्रवारी रद्द झाली. तोवर बाहेरगावचे कितीतरी जण पोचले होते. पुढे रिफंड किंवा नंतरच्या वर्षांत हमखास प्रवेश, असे पर्याय दिले गेले.

पुन्हा ट्रेलवाला
आणि थांबवल्यावर बस कुठून आणणार, तेही आधीच ठरवा. पळताना माणूस गरम असतो. ओल्या कपड्यांत वाट बघत उभा राहिला की दहा मिनिटांत कुडकुडायला लागतो.