हर्निया: दुर्बीण की उघडं ऑपरेशन?

वडिलांच्या जांघेत हर्निया आहे आणि दुर्बिणीतून करावं की उघडं, हे ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या बाबांचं दोन वर्षांपूर्वी झालं. देवगडला आमची कलमं आहेत. पेटी उचलली की लिंबाएवढी गाठ वर यायची, आडवे झाले की आत जायची. वर्षभर पट्टा बांधून फिरले. पट्ट्याने पोटाच्या स्नायूतलं भोक बुजत नाही हो, त्यात वेळ घालवू नका.

त्या भोकावर आधाराला जाळी बहुतेक दोन्ही प्रकारांत बसवतात. दुर्बिणीला साधारणपणे पूर्ण भूल लागते. उघडं ऑपरेशन कमरेखालच्या किंवा नुसत्या त्या जागेच्या भुलीवरही होतं. बाबांना दमा, म्हणून सर्जननी उघडं सुचवलं. दोन्ही बाजूंना असेल किंवा उघड्या ऑपरेशननंतर परत झाला असेल, तर दुर्बीण बरी पडते. दुर्बिणीनंतर दुखणंही सहसा कमी.

त्याच संध्याकाळी बाबा चालले. चौथ्या दिवशी अंडकोषाची पिशवी काळीनिळी पडली, आई रडायलाच लागली. डॉक्टर म्हणाले, रक्त उतरतं, ओसरेल. ओसरलं. खोकला आला की टाक्यांवर हात दाबून धरायचे. पोट साफ राहणं फार महत्त्वाचं, कुंथायचं नाही. जड उचलायला सहा आठवडे बंदी होती, म्हणून आम्ही आंबा संपल्यावर, जूनमध्ये केलं.

मात्र गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या, तर रात्र असो की पाऊस, तडक हॉस्पिटल गाठा. आतडं अडकलेलं असू शकतं.