पोरांची घरी केलेली सोंगं: तुमचे अनुभव सांगा

जळगावहून, धागा काढणारी

लेक साडेतीन वर्षांची. दिवाळीची सुट्टी संपून नर्सरी उघडते त्याच आठवड्यात ३१ ऑक्टोबर येतोय, आणि परवा निरोप आला: ‘हॅलोवीन पार्टी आहे, मुलांना स्केरी पण क्यूट ड्रेसमध्ये पाठवा.’

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पित्तरं जेवून गेले नं आत्ताच, आता पुन्हा भुतं कायले बलावता व?” मी आपलं समजावलं, की तिकडेही ते तसंच काहीसं आहे. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, २ तारखेला मेलेल्यांच्या आत्म्यांचा, आणि ही त्याआधीची रात्र. त्यावर पुढचा प्रश्न: “मंग निवद काय अस्ते?” चॉकलेट, म्हटलं. हे उत्तर त्यांना फारसं पटलं नाही.

तर पहिला प्रयत्न चेटकिणीचा. माझा जुना काळा परकर उसवून झगा केला, कार्डशीटची सुळका टोपी केली, हनुवटीखाली इलॅस्टिक. दोन रात्री गेल्या त्यात. लेकीनं टोपी घातली, आरशात पाहिलं, “टोचतंय” म्हणाली आणि काढून फेकली. झगा टेरिकॉटचा, बाहेर ऑक्टोबरचं ऊन, पोर घामानं निथळली. जेमतेम चार मिनिटं टिकलं सगळं.

हातात बारा दिवस आहेत. तुम्ही घरी काय काय केलंत ते सांगा. हॅलोवीनच पाहिजे असं नाही. फॅन्सी ड्रेस, गॅदरिंग, गोकुळाष्टमीचा कृष्ण, आषाढीचा वारकरी, सगळं चालेल. फसलेलं आधी सांगा.

भुसावळ, बाप

आमच्या पोराला भूत, राजा, पोलीस काही नको होतं. इंजिन पाहिजे होतं. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेलं पोर, दुसरं काय मागणार?

कूलरचा खोका आणला. खोक्याचा पुठ्ठा नीट पाहा, आत नाळ्या असतात. नाळीच्या दिशेनं घडी घातली तर सरळ मोडतो, आडवी घातली तर चुरगळतो. आधी चमच्याच्या दांड्यानं रेघ दाबून घ्यायची, मग मोडायचं. हे मला पहिला खोका वाया गेल्यावर कळलं. खालीवर मोकळा ठेवला आणि जुन्या दप्तराचे पट्टे खांद्यांसाठी आतून लावले. डब्यांच्या झाकणांना चांदी चिकटवून हेडलाइट. छतावर खराट्याच्या काड्यांचे दोन पेंटो, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे दांडे.

शेडमधल्या सोबत्यांना फोटो दाखवला ही चूक झाली. एक म्हणे बफर कुठंय. दुसरा म्हणे दोन्ही पेंटो खाली, मग गाडी काय ढकलत नेणार का? रात्री अकराला घरी येऊन मागचा पेंटो उभा केला.

कार्यक्रमाच्या दिवशी इंजिन स्टेजच्या बाजूच्या दारातून आत जाईना. माप पोराचं घेतलं होतं, दाराचं कोणी घेतलं? शेवटी तिरकं करून घुसवलं, त्यात पेंटो गेला. पोरगा स्टेजवर जाऊन म्हणाला, “मी इंजिन आहे, पण आता डिझेलचं.” हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. नंबर येईपर्यंत दीड तास त्याला बसताच आलं नाही. खोका गुडघ्याच्या वर कापा, आणि आत हात घालून एका झटक्यात काढता आला पाहिजे. का ते चार वर्षांचं पोर असलेल्यांना सांगायला नको.

सावदा, केळीवाले

मी केळीचा घड केला होता. पुतण्यासाठी, बालवाडीत ‘फळे’ होती म्हणून. पिवळ्या अस्तराच्या कापडाची एकेक केळी शिवली, त्यात घरचाच कापूस भरला, आणि फण्या करून बनियनवर टाचल्या. छान दिसत होतं. वडील ओट्यावर बसले होते, त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “उलटा शिवला.” खरंच उलटा होता. घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वर वळलेली असतात. बाजारातलं चित्र डोक्यात ठेवून शिवलं. तीन पिढ्या केळीत, आणि ही गत. सगळ्या फण्या उसवून पुन्हा टाचल्या, खाली केळफुलासाठी जांभळी पिशवी लावली.

कापूस भरू नका. जड होतो, गरम होतो, पोराला सूज आल्यासारखं वाटतं.

आता तुमच्या भुतासाठी सांगतो. घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, की आम्ही त्याला स्कर्टिंग बॅग घालतो, फुलकिडे आणि धुळीपासून जपायला. न विणलेलं पातळ कापड असतं, पांढरं किंवा निळं, दोन्हीकडून उघडं, आणि हवा आरपार जाते. कुठल्याही कृषी केंद्रात चहाच्या पैशात मिळते. पांढरी घ्या, वरून चुण्या घालून गळ्याशी सैल नाडी ओवा, हातांना भोकं पाडा. साडेतीन वर्षांच्या पोराला जवळपास पायापर्यंत येते. संध्याकाळी बागेत त्या बॅगा वाऱ्यानं हलतात तेव्हा मोठा माणूसही दचकतो.

एकच सांभाळा. ते प्लास्टिकच्याच जातीचं आहे, आगीजवळ लगेच आकसतं. पणती, मेणबत्ती, वाढदिवसाचा केक, सगळ्यांपासून लांब.

मूळ चोपडा, सध्या अमेरिका

इथे हॅलोवीन खराखुरा, पोरं सोंगं घेऊन संध्याकाळी दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात, त्यामुळे थोडं लांब लिहिते.

पहिली गोष्ट थंडीची. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे संध्याकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडता येत नाही. पोरांना नटवून नेलं आणि वरून जाकीट घातलं, की काय नटवलं ते कोणालाच दिसत नाही. म्हणून जाकीट आत धरूनच माप घ्यायचं, चांगलं सैल. दुसरी गोष्ट मुखवट्याची. अंधारात, अनोळखी पायऱ्या, आणि डोळ्यांच्या भोकातून पोराला स्वतःचे पायही दिसत नाहीत. मी मुखवटा कधीच करत नाही, चेहरा रंगवते. पाठीवर चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवते, गाड्यांच्या उजेडात दिसाव्यात म्हणून.

आता मुख्य गोष्ट. २०२४ साली इथलं लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आलं. लेक पाच वर्षांचा. उन्हाळ्यात चोपड्याला जाऊन आलेला, तिथे शेतात काट्याकुट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत खाऊन वेडा झालेला. म्हणाला, मला भरताचं वांगं व्हायचंय.

मी उत्साहात पोपटी चादर कापली, पोटाशी उशा भरल्या, आत जाकीट होतंच, त्यामुळे वांगं चांगलं भरलं. डोक्यावर गडद हिरव्या फेल्टचा देठ. देठाला काटेसुद्धा केले, फेल्टचेच. पांढऱ्या रंगानं अंगावर फिकट रेघा ओढल्या. आपलं जळगावी वांगं, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते हुबेहूब!

पण इथल्या लोकांचं वांगं जांभळं असतं. पहिल्या दारात काकडी म्हणाले. दुसऱ्या दारात नासपती. तिसऱ्या दारातले आजोबा बराच वेळ विचार करून म्हणाले, कलिंगड? पोरगा प्रत्येक दारात थांबून सांगत होता, की मी वांगं आहे, माझ्या आजीच्या गावचं वांगं हिरवंच असतं. सोबतची पोरं पुढची चार घरं करून आली, हा अजून तिसऱ्याच दारात शेतीचा तास घेतोय.

घरी वेगळीच गंमत. इथे ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू, त्या घरी गोळ्या मिळतात असा अलिखित नियम. आमच्या दारात पणत्या, माळा, आकाशकंदील. सगळ्या गल्लीतली पोरं आमच्याकडे. सातच्या आत गोळ्या संपल्या. डब्यात शंकरपाळे होते, पण घरचं सुटं खाणं इथले आईबाप पोरांना खाऊ देत नाहीत. नवरा सोवळं सोडून दुकानात पळाला.

धुळे

मी भाड्यानं आणला. वाघ. खोटं कशाला बोलू, वेळ नव्हता. आदल्या वर्षाचा घाम त्या वाघातच होता बहुतेक. पोराच्या मानेवर आणि काखेत पुरळ उठलं, आठ दिवस मलम लावलं. आणायचाच असेल तर आत सुती बनियन आणि पूर्ण पायाची सुती विजार घाला. आणि आधी वास घ्या. एवढंच.

नंदुरबार, आई

आमच्या गावात पोरगा पाच-सहा वर्षांचा झाला की एकदा तरी शिरीषकुमार होतो, म्हणजे बेचाळीसच्या लढ्यात गोळी लागून गेलेला आमच्या गावचा शाळकरी पोरगा. पांढरा सदरा, खाकी अर्धी चड्डी, गांधी टोपी, हातात झेंडा. शिवायला सोपं, म्हणून मी निवांत होते.

सासरे म्हणाले, झेंडा चुकलाय. ९ सप्टेंबर १९४२ ची गोष्ट आहे, तेव्हा मधे अशोकचक्र कुठून येईल? चरखा पाहिजे. रात्री बसून निळ्या कागदाचा चरखा कापला. चाक जमलं, बाकीचं नाकतोड्यासारखं दिसत होतं. शाळेत एकानंही ओळखलं नाही, पण सासरे पहिल्या रांगेत बसून खूश.

टोपी मात्र तिथल्या तिथे तीनदा पडली. दोन केसपिना आतून टाचून घ्या. गोळी लागून पडायचं होतं, तर टोपी आधी पडली, मग हा टोपी उचलायला वाकला, मग आठवलं म्हणून पडला. लोक हसले. घरी येऊन त्यानं विचारलं, “तो खरा पडला तेव्हा पण हसले होते का?” मी काही बोलले नाही, त्याला दूध दिलं. संध्याकाळी सासरे त्याला स्मारकावर घेऊन गेले.

धडगाव, पावरा आदिवासी, शिक्षक

वाचतोय सगळं, छान आहे. एक सांगू का? रागावू नका.

दर गॅदरिंगला एक ‘आदिवासी’ असतो. अंगाला काजळी, कमरेला आंब्याची पानं, डोक्यावर कोंबडीचं पीस, आणि तोंडानं हुर्रर्र. माझी मुलगी मागच्या वर्षी शहरातल्या शाळेत होती. घरी येऊन म्हणाली, बाबा, ते कोणाचं सोंग होतं? मला खरंच सांगता आलं नाही, कारण असा माणूस मी सातपुड्यात पाहिलेला नाही.

सोंग आमच्याकडेही आहे. होळीला बुध्या होतात, बावा होतात. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, कमरेला घुंगरं आणि सुकवलेले भोपळे, अंगावर पांढरे ठिपके नि रेघा. पण ते नवसाचं असतं, ते घेणारा नेम पाळतो. काठी गावच्या होळीला येऊन पाहा, रात्रभर पाय थांबत नाहीत. त्यामुळे ते फॅन्सी ड्रेसला द्या असं मी म्हणणार नाही. आमचं कोणी करायचंच असेल तर साधा पावरा शेतकरी करा, साधी पावरा आजी करा, चांदीच्या दागिन्यांसारखे कागदी दागिने करून. ते दागिने कसे दिसतात ते मी फोटो पाठवून सांगेन. मुलीनं यंदा स्वतःहून ठरवलंय, ती डॉक्टर होणार. पांढरा शर्ट माझाच, बाह्या दुमडून.

अमळनेर, आजी

काय व माय, हाई काय नवं शे? आमच्या काळी गुलाबाईच्या दिवसांत पोरी एकमेकींना नटवत, भावाची टोपी, बापाचं धोतर, मिशा कोळशाच्या. कोण बक्षीस देतं नि कोण काय.

मी नातीला बहिणाबाई केलं होतं. लहान पोरीला नऊवारी नेसवायला जाऊ नका, दहा मिनिटांत सुटते. जुन्या मऊ पाताळाचा काष्टा शिवूनच टाका, विजारीसारखा, नाडीचा. पदर खांद्यावर टाचून घ्या. डोक्यावर पाटी द्याल तर वेताची देऊ नका, पुठ्ठ्याची द्या. एवढं करून नात स्टेजवर गेली आणि ओव्या विसरून म्हणाली, “मी बहिणाबाई, माझं माहेर आसोदा, मला शी आली.” नाडी होती म्हणून निभावलं.

जळगावहून, पुन्हा मी

झाली पार्टी. सावद्याच्या दादांचं ऐकलं, पांढरी स्कर्टिंग बॅग आणली. नवरा आधी म्हणाला हे तर शेतातलं, शाळेत काय म्हणतील. वर्गात सात चेटकिणी होत्या, सगळ्या विकतच्या, सगळ्यांच्या टोप्या तासाभरात बाकावर. आमचं भूत मात्र शेवटपर्यंत पळत होतं. आत सुती झबलं होतं, मागे नाडी, बाथरूमला दोनदा जाऊन आलं. केक कापताना बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, तिला लांब उभं केलं. एका बाईंनी विचारलं हे कापड कुठून मागवलं. मी म्हटलं, कृषी केंद्रातून.

डोळे काळ्या कापडाचे करून छातीवर शिवले होते, चेहरा उघडाच. निघताना दारात सासूबाईंनी थांबवलं. मला वाटलं आता पुन्हा पितरं निघणार. त्यांनी काजळाची डबी उघडली, भुताच्या गालावर ठसठशीत तीट लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “लय गोड दिसून राह्यलं, नजर लागीन.”