ठिबक सगळ्यांनी केलं तरी विहिरींची पातळी खालीच, मग वाचलेलं पाणी जातंय कुठे?

कोरडवाहू_गडी (प्रश्न)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. कोरड्या पट्ट्यातली शेती आहे, पाऊस बेभरवशाचा. आधी सगळे पाटाने पाणी द्यायचे, दंडातच कितीतरी जिरायचं. आता आजूबाजूला जवळपास सगळ्यांकडे ठिबक आलंय, सांगणारे सांगून गेले की निम्मं पाणी वाचेल. मग हिशेबाने विहिरी बोअर सुधारायला पाहिजे होते ना? उलट दरवर्षी पाइप अजून खाली सोडावे लागतायत. भाऊ म्हणतो ठिबक नसतं तर कधीच संपलो असतो, मला ते पटतं पण पूर्ण पटत नाही. वाचलेलं पाणी नेमकं जातं कुठे?

आणि दुसरं म्हणजे पाणी कमीच पडणार हे आधीच दिसत असेल तर सगळ्या रानाला थोडं थोडं द्यावं की अर्ध्या रानाला पोटभर द्यावं आणि बाकीचं पडीक ठेवावं? कुणी हिशेब करून सांगेल का, नुसतं "पाणी जपून वापरा" नको प्लीज.

रिकामटेकडा
सोपंय, वाचलेल्या पाण्यावर शेजाऱ्याने फळबाग लावली 😄

पाणीहिशेब
रिकामटेकडे राव तुम्ही मस्करीत बोललात पण उत्तर बऱ्यापैकी तेच आहे. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

रानात दिलेल्या पाण्याला जायला तीनच वाटा असतात. एक, मुळांनी ओढून पानांवाटे हवेत जातं, पीक वाढतं ते याच्यावर. दोन, ओल्या मातीवरून ऊन वाऱ्याने उडून जातं. तीन, मुळांच्या खाली झिरपतं किंवा शेताबाहेर वाहून जातं. पहिल्या दोन वाटांचं पाणी गेलं ते गेलं. तिसरं मात्र बऱ्याच ठिकाणी गेलेलं नसतंच, ते खाली मुरून परत विहिरीला येतं, तुमच्या नाहीतर खालच्या अंगाच्या माणसाच्या.

आता समजण्यापुरते आकडे घ्या. पाटाने 100 लिटर उपसले, 55 पिकाने घेतले, 10 उडाले, 35 खाली मुरले. म्हणजे जमिनीतून कायमचे गेले 65. ठिबकने त्याच रानाला 65 लिटर पुरले, पिकाने 58 घेतले (पाणी वेळेवर मिळतं म्हणून पीक जरा जास्तच पितं आणि उत्पन्न पण वाढतं), 4 उडाले, 3 मुरले. कायमचे गेले 62. मोटर बघितली तर 35 लिटर वाचले, सगळे खूश. भूजलाच्या बाजूने बघितलं तर वाचले फक्त 3.

आणि खरी गंमत पुढे आहे. माणूस ते 35 लिटर थोडेच खाली ठेवतो? तो अजून निम्मं रान ओलिताखाली आणतो, किंवा जास्त पाणी पिणारं पीक घेतो. मग परत उपसा 100 लिटरच, पण आता त्यातले 95 हवेत जातायत आणि मुरतंय जेमतेम 5. आधी 65 जात होते आता 95. वीज तेवढीच जळते, मोटर तेवढेच तास चालते आणि पातळी आधीपेक्षा वेगाने खाली जाते. तुमच्या शिवारात हेच झालं असणार, ठिबक आल्यावर ओलिताचं क्षेत्र किती वाढलं ते आठवून बघा एकदा.

हे फक्त आपलं गणित नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात सरकारने अनुदान देऊन तुषारचे जुने सेट बदलून जमिनीलगत पाणी सोडणारे नोझल बसवून दिले, हेतू हाच की ओगलाला नावाचा तिकडचा मोठा भूजलसाठा वाचावा. 2014 साली त्याचा अभ्यास छापून आला तर उपसा कमी झालाच नव्हता, उलट थोडा वाढला होता कारण लोक जास्त तहानलेल्या पिकांकडे वळले. 2018 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी मिळून एका मोठ्या विज्ञान नियतकालिकात सिंचन कार्यक्षमतेचा विरोधाभास म्हणून हेच मांडलं.

मोटरवाला
म्हणजे आता परत पाटाने पाणी द्यायचं का साहेब? असले लेख वाचून लोक ठिबकला शिव्या घालतात. जरा व्यवहार बघा. विहीर उथळ असेल तर ठीक आहे मुरलेलं पाणी परत येईल, पण जिथे पाणी खूप खोल गेलंय तिथे आज मुरलेलं खाली पोचायला वर्षं लागतात, कधी कधी दशकं, मधे एखादा कडक थर असला तर पोचतच नाही. तोपर्यंत मी काय करू? शिवाय ते पाणी परत वर खेचायला वीज कोण देणार, आणि मुरताना ते आपल्या युरियातलं नायट्रेट घेऊन जातं, तेच पुढे लोक पितात. मजुरी, तण, खत सगळ्यात ठिबकने फरक पडतो. हिशेबाच्या नादात हे सगळं विसरायचं का.

पाणीहिशेब
मोटरवाले दादा, यातलं काहीच नाकारत नाहीये. खाली खारं पाणी असेल, किंवा शेताबाहेर गेलेलं पाणी थेट समुद्राला नाहीतर चिबाडाला (पाणथळ, खारवलेल्या रानाला) मिळत असेल तर तिथे ठिबकची बचत शंभर टक्के खरी बचत आहे. माझं म्हणणं एवढंच की नळी बदलली म्हणून भूजल वाचत नाही, उपशाला मर्यादा घातली तर वाचतं, आणि त्या मर्यादेत चांगलं पीक काढायला ठिबक लागतं. क्रम महत्त्वाचा.

इस्रायलचं उदाहरण सगळे देतात म्हणून तेच घेतो. सिम्हा ब्लास या इंजिनिअरला 1930 च्या दशकात गळक्या पाइपाशेजारचं झाड बाकीच्यांपेक्षा जोमदार दिसलं आणि त्यातून पुढे ठिबक आलं ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. 1965 ला हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वस्तीत) ठिबकची कंपनी निघाली. पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1955 ला, तिथे पाणी मोजून देण्याचा कायदा झाला होता आणि 1959 च्या कायद्याने जमिनीखालचं पाणी सुद्धा सार्वजनिक मालकीचं झालं होतं, हे कुणी सांगत नाही. आधी मीटर आणि कोटा आला, ठिबक नंतर पसरलं. आपण फक्त नळी उचलून आणली.

कोरडवाहू_गडी
क्षेत्र वाढलं हे खरंय, जवळपास सगळ्यांचंच. हिशेब पटला. पण मर्यादा घालणार कोण? मी एकट्याने मोटर बंद ठेवली तर शेजारचा चालू ठेवणार, एका रांजणात सगळ्यांच्या नळ्या आहेत. कुठे लोकांनी मिळून असं केलंय का?

ओल_किती_खोल
केलंय, आणि तेही त्याच कॅन्ससमध्ये. तिकडे 2012 ला कायदा झाला की एखाद्या भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून उपसा कमी करायचा आराखडा केला तर सरकार त्याला कायद्याचं बळ देईल. शेरिडन काउंटीतल्या एका पट्ट्याने 2013 पासून सुरू केलं, लक्ष्य होतं 20 टक्के कपात. पद्धत मला फार आवडली, दरवर्षीचा कोटा न देता पाच वर्षांचा मिळून दिला, एकरी 55 इंच (म्हणजे रानावर 55 इंच उभं राहील एवढं पाणी). दुष्काळी वर्षी जास्त उचला, चांगल्या पावसाच्या वर्षी कमी उचला, पण पाच वर्षांत 55 च्या आत बसा. प्रत्येक बोअरला मीटर. कपात ठरवल्यापेक्षा जास्तच झाली, मक्याचं उत्पादन किंचित घटलं पण खर्च पण कमी झाल्याने नफ्यात फारसा मार बसला नाही, म्हणून पाच वर्षं संपल्यावर त्यांनी तेच पुढे चालू ठेवलं. पातळी लगेच वर आली असं नाही, घसरण मंदावली. अर्थात तिकडे एकेकाचं रान आपल्या अख्ख्या शिवाराएवढं, माणसं मोजकी, त्यामुळे एकमत होणं सोपं जातं, हे पण लक्षात ठेवायला पाहिजे.

इराणमधले कनात माहीत असतील. डोंगराच्या पायथ्यापासून हलक्या उताराचं भुयार खणून भूजल आपोआप बाहेर आणायचं, मोटर नाही काही नाही. युनेस्कोने 2016 ला त्यातले 11 कनात जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात मर्यादा बांधकामातच आहे, पातळी खाली गेली की धार आपोआप बारीक होते, कुणी कितीही हावरट असला तरी जास्त ओढू शकत नाही. खोल बोअर आले आणि कितीतरी कनात कोरडे पडले.

वाफसा_बघूनच
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहिते. सगळ्यांना थोडं की अर्ध्याला पोटभर, हे पिकावर अवलंबून आहे आणि याचा रीतसर हिशेब एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) 1979 पासून दिलेला आहे. प्रत्येक पिकाला एक आकडा असतो, पाण्याच्या तुटीने उत्पादन किती पडतं त्याचा. मक्याचा 1.25, म्हणजे हंगामभर पाणी 20 टक्के कमी पडलं तर उत्पादन 25 टक्के पडणार. ऊस 1.2. ज्वारी 0.9, कापूस आणि सोयाबीन 0.85, भुईमूग 0.7. भुईमुगाला तेवढीच 20 टक्के तूट आली तर उत्पादन साधारण 14 टक्केच पडेल.

याचा सरळ अर्थ असा की आकडा 1 च्या वर असेल तर क्षेत्र कमी करा आणि आहे त्याला पोटभर द्या, 1 च्या बराच खाली असेल तर पाणी पसरून देणं परवडतं. 1 च्या आसपास असेल तर बियाणं मशागत वाचते म्हणून मी क्षेत्र कमी करण्याच्याच बाजूची.

पण याहून महत्त्वाचं आहे ते तूट कधी येते. मक्यालाच घ्या, वाढीच्या काळात तूट आली तर आकडा 0.4, तुरा आणि कणीस बाहेर पडताना तोच 1.5, दाणे भरताना 0.5. म्हणजे सुरुवातीला पीक थोडं कोमेजलेलं दिसलं म्हणून घाबरून पाणी सोडायचं आणि फुलोऱ्यात विहीर कोरडी, हे सगळ्यात वाईट. दोन पाळ्यांचंच पाणी शिल्लक असेल तर फुलोऱ्यासाठी राखून ठेवा. आणि पाचट वगैरे पसरून मातीवर आच्छादन कराच. पाणीहिशेब यांनी सांगितलेल्या दुसऱ्या वाटेचं, मातीवरून उडून जाणारं पाणी कुणाच्याच कामाचं नसतं, ना पिकाच्या ना विहिरीच्या. ते वाचलं तर ती निखळ बचत. ठिबकच्या जाहिरातीत पाचटाचा फोटो नसतो कारण पाचट विकता येत नाही.

खारपड
एक धोक्याची गोष्ट राहिली. पातळी जशी खाली जाते तसं बऱ्याच ठिकाणी पाणी मचूळ होत जातं. पाण्याचा ईसी, म्हणजे क्षार मोजायचा आकडा, 1 असेल (हा काही फार खारट नाही, पुष्कळ बोअरचा असतो) तर एका लिटरमध्ये साधारण 640 मिलिग्रॅम क्षार असतात. हेक्टरला 100 मिमी पाणी दिलं म्हणजे 10 लाख लिटर, म्हणजे 640 किलो क्षार आपण हाताने रानात टाकले. हंगामात 500 मिमी दिलं तर तीन टनाच्या वर! पीक पाणी पितं, क्षार जवळपास सगळे मागेच सोडतं. पाटपाण्यात ते मुरणारे 35 लिटर क्षार खाली धुवून न्यायचे, ठिबकमध्ये ते होत नाही, ठिबकखालच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी कड दिसते ती या क्षारांचीच.

म्हणून ईसी तपासून घ्या, जास्त असेल तर हंगामात अधूनमधून मुद्दाम जास्त पाणी देऊन क्षार खाली ढकलावे लागतात, आणि निचरा नसेल तर तेही जमत नाही. अजून एक, हलका पाऊस आला की लोक ठिबक बंद करतात. खाऱ्या पाण्याच्या रानात तेव्हाच चालू ठेवायचं असतं, नाहीतर त्या भुरभुर पावसाने कडेचे क्षार मुळांत येतात आणि पाऊस पडून पीक करपलं म्हणून लोक चक्रावतात. कांदा, गाजर, घेवडा यांना क्षार अजिबात सोसत नाहीत, बार्ली आणि कापसाला बरेच सोसतात.

कोरडवाहू_गडी
ही क्षारांची गोष्ट कधीच कुणी सांगितली नव्हती, पांढरी कड मला खताची वाटायची. ताई तुमचा हिशेब भावाला दाखवतो, मका कमी करू. शेवटचं एक, रोज ठिबक किती वेळ चालवायचं हे कसं ठरवायचं? आम्ही वीज आहे तोवर चालवतो.

वाफसा_बघूनच
वीज आहे तोवर चालवणं म्हणजे ठिबकने पाट देणं 🙂 दोन ओळींत दीड मीटर, ड्रीपर (पाणी ठिबकतं ते तोंड) 40 सेंटिमीटरवर आणि ताशी 2 लिटरचा धरू. एका ड्रीपरच्या वाट्याला 0.6 चौरस मीटर रान, तासाला 2 लिटर, म्हणजे सव्वातीन मिमीच्या आसपास. हवामान केंद्राने दिवसाचं बाष्पोत्सर्जन (माती आणि पानांवाटे मिळून उडणारं पाणी) 6 मिमी दिलं आणि पीक लहान आहे म्हणून पिकाचा गुणांक 0.5 धरला तर गरज 3 मिमी, म्हणजे पाऊण ते एक तास. पीक भरात आल्यावर गुणांक 1 च्या वर जातो, तेव्हा दोन तास.

मोटरवाला
आणि हे सगळं ड्रीपर खरंच 2 लिटर देत असेल तर. लॅटरलच्या (ड्रीपर असलेल्या नळीच्या) सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली वाटी ठेवून घड्याळ लावा एकदा. शेवटी निम्मं पडत असेल तर आधी फिल्टर धुवा, मग लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा, क्षारांनी चोंदलं असेल तर ॲसिड सोडावं लागेल.

खारपड
ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच.