'गांबात्ते'ला मराठीत काय म्हणाल?

रिकामटेकडी: हौस म्हणून एका आनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेची मराठी उपशीर्षकं करतेय. गाडी 'गांबात्ते' या जपानी शब्दापाशी अडली आहे, साधारण अर्थ 'जोर लाव, हार मानू नकोस'. मुलगी शर्यतीला निघते, आजी दारातून म्हणते, 'गांबात्ते ने'. मी 'शुभेच्छा' लिहिलं. तपासणाऱ्या मैत्रिणीने लाल शेरा मारला: 'शुभेच्छा दिल्या की काम नशिबावर गेलं. आजी नशिबाचं बोलतेय का?' नाही बोलत. पुढे मुलगी पडते तेव्हा मैत्रीण हाच शब्द ओरडते, आणि शेवटी मुलगी स्वतःशीच तो पुटपुटते. तीन ठिकाणी तीन शब्द घातले तर धागाच तुटतो. 'जिद्द' मनात होता, पण 'जिद्द कर' लिहिलं की हिंदी वास येतो. मी नापास झाले त्या वर्षी हा शब्द रोज कानावर पडायचा आणि मी उठून पुस्तक उघडायचे. तेव्हा कृपया हलकासलका पर्याय नको.

खडूस काका: नेट लाव. संपला विषय.

अर्धविराम: काका, हल्ली 'नेट लाव' म्हटलं तर पोरं वायफाय चालू करतील. शिवाय नेट ओझं ढकलताना लावतात. आजी म्हणेल, 'नीट पळ हं'. तो शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'हं'च.

शब्दवेल्हाळ: मूळ प्रश्नाआधी एक शंका. 'आनिमे' कशाला? 'सचेतनपट' म्हणता येत नाही का? मराठीत शब्द असताना उसनवारी का?

अर्धविराम: कारण खुद्द जपान्यांनीच तो उसना घेतलाय! इंग्रजी 'ॲनिमेशन'चं त्यांनी 'आनिमेशोन' केलं आणि शेपूट छाटून 'आनिमे'. तिकडे हा शब्द कुठल्याही देशाच्या ॲनिमेशनला चालतो, फक्त जपानी असा अर्थ बाहेरच्यांनी चिकटवला. त्यांनी 'सचेतनपट' शोधत बसायचं ठरवलं असतं तर आज आपण काय बघत असतो?

शब्दवेल्हाळ: हा युक्तिवाद नव्हे, टोमणा आहे.

जुनी वही: 'जिद्द' इतक्या लवकर सोडू नका. 'गांबात्ते' ज्या क्रियापदाचं रूप, त्या 'गांबारू'ची एक व्युत्पत्ती 'गा नि हारू' अशी सांगतात, म्हणजे आपलाच हेका ताणून धरणे. दुसरी म्हणते मूळ शब्द डोळे ताणून पहारा करण्याचा. आज लिहिताना जी चित्राक्षरं वापरतात ती 'हट्टी' आणि 'ताणणे' यांची, पण ती उच्चार जुळतो म्हणून बसवलेली. पूर्वी हा शब्द कौतुकाचा नव्हता, हेकेखोराला लावायचे. पुढे त्याचं सोनं झालं. आपल्याकडे 'जिद्द'चं तेच झालं. अरबी 'ज़िद' म्हणजे विरोध, हिंदी-उर्दूत अजूनही पोराचा हट्ट. मराठीने मात्र दुर्गुण 'हट्ट'कडे ठेवला आणि 'जिद्द' गुणांच्या खात्यात टाकली. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच उद्योग केलाय. याहून जवळचा शब्द मिळणार नाही.

खडूस काका: या हिशेबाने 'शिकस्त' पण घ्या. फारसीत पराभव, मराठीत प्रयत्नांची शिकस्त! हरलेल्या शब्दालाही आपण कामाला लावलं.

मधली सुट्टी: 'कसून' कसं वाटतं? 'कसून पळ'. कसणे म्हणजे आवळणे, म्हणजे 'ताणणे'ही जुळलं.

अर्धविराम: कसून फक्त चौकशी होते, तीही पोलिसांकडून.

मधली सुट्टी: सरावही कसून होतो!

जुनी वही: ओरडायचं असेल तर 'गांबारे' हे आज्ञार्थी रूप. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जपानची हिदेको माएहाता 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहत होती आणि रेडिओवरचा निवेदक निवेदन सोडून नुसतं 'माएहाता गांबारे, माएहाता गांबारे' ओरडत राहिला. सुवर्णपदक मिळालं. त्या जागी 'जिद्द धर' घालून बघा, पोहणारी बुडेल. म्हणजे माझंच म्हणणं मी खोडलं.

उशिरा आलेली: रिकामटेकडी, तू नापास झालीस ते वाचून लिहितेय. मीही त्या शब्दावर वाढले आणि त्यानेच मला आजारी पाडलं. खचलेल्या माणसाला 'गांबात्ते' म्हणू नये हे जपानमध्येही सांगतात. जो आधीच ताणलाय त्याला अजून काय ताणायचं? मला सावरलं ते दिग्दर्शक मियाझाकींच्या 1989 च्या आनिमे चित्रपटातल्या किकीने. तेरा वर्षांची चेटकीण, एक दिवस उडणंच विसरते. सराव करताना केरसुणी मोडते. जंगलातली चित्रकार मैत्रीण तिला काय सांगते? चित्र जमेना की आधी काढत राहायचं, तरीही जमेना की सोडून द्यायचं, फिरायचं, दुपारी झोपायचं. तो प्रसंग मी इतक्यांदा बघितला की झोपायला लाज वाटेनाशी झाली. तुझ्या मालिकेत कुठे 'मुरी शिनाइदे' आलं तर 'जिवाचा आटापिटा करू नकोस' लिही. तो शब्द मला जास्त लागला.

खडूस काका: म्हणजे अभ्यास सोडून झोपा. उत्तम व्यक्तिमत्त्व विकास.

उशिरा आलेली: काका, 'व्यक्तिमत्त्व विकास' हा शब्द शिबिरवाल्यांना परत द्या. माणूस घडतो, विकास प्लॉटचा होतो.

शब्दवेल्हाळ: 'प्लॉट'ला 'भूखंड'.

रिकामटेकडी: आजीसाठी 'नीट पळ हं' घेतलं, आभार. पडल्यावर ओरडायला 'ऊठ, पळ!'. धागा तुटला तर तुटला. पण शेवटचं, स्वतःशी पुटपुटणं? तिथे 'गांबारू' एवढंच आहे, आज्ञा नाही, कर्ता नाही. 'सोडणार नाही' लिहिलं तर शपथ वाटते. आणि उशिरा आलेलीचं वाचल्यावर तिथे जोर लावावासाच वाटेनासा झालाय.

अर्धविराम: ते सापडेपर्यंत एक विचारतो, 'गांबात्ते' की 'गाम्बात्ते'? 'ब'आधी जपानी अनुनासिकाचा उच्चार 'म'च होतो, म्हणजे आपला अनुस्वार तिथे आयता बसतो.

शब्दवेल्हाळ: अनुस्वारच. यावर मात्र आपलं एकमत आहे.

खडूस काका: माझं नाही.