मुलांना ख्रिस्ती विश्वासात वाढवताना: तुमचे अनुभव लिहा

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात (६:७) आईबापांना सांगितलंय की घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना देवाच्या वचनांविषयी मुलांशी बोलत राहा. उपासनेच्या वेळेचा त्यात उल्लेखच नाही. म्हणून इथे संडे स्कूलबद्दल नको, घरातलं लिहू या. मूल काय विचारतं, आपण कुठे अडतो ते.

सुरुवात मी करते. मुलगा सहा वर्षांचा. रोज रात्री आम्ही येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणतो. एका रात्री, जसं आम्ही इतरांचं ऋण सोडलं तशी तू आमची 'ऋणे सोड', इथे तो थांबला. "ऋण म्हणजे काय?" मी म्हटलं, कुणी आपल्याशी काही चुकीचं वागलं ना, ते. "मग सकाळी मी दूध सांडलं ते तू सोडलंस?" दूध सांडल्यावर मी त्याच्यावर फार ओरडले होते, आणि दिवसभर धुसफुसत होते. मी त्याची माफी मागितली. लहानपणापासून तोंडपाठ असलेली ती ओळ त्या रात्री मला म्हणवेना.

*

मुलगी पंधराची झाली आणि म्हणाली, मी उपासनेला येणार नाही. मी तिला दोन वर्षं बळेच नेलं. इफिसकरांस पत्रातलं ६:१, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, हे तिला इतक्यांदा ऐकवलं की ती ते माझ्या आधी म्हणायची. चौथं वचन बापांसाठी आहे: मुलांना चिडवू नका. तीनच वचनांच्या अंतरावर असूनही ते मी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. शेवटी तिच्यासमोर वाचलं. ती काही बोलली नाही. आता कधी येते, कधी नाही. येते तेव्हा शेजारी बसते, पूर्वी मागे बसायची.

*

आमच्याकडे प्रश्न बाप्तिस्म्याचा. यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या बाळाचा होतो, माझ्या मंडळीत स्वतः विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात बुडवून. आम्ही बाळाचं फक्त अर्पण केलं, म्हणजे बाप्तिस्मा न देता प्रार्थना करून त्याला देवाच्या हाती सोपवलं. सासूबाईंना ते लागलं, अजून लागतं.

*

आजोबांसाठी माझ्या आठ वर्षांच्या लेकीने रोज प्रार्थना केली, तरी ते गेले. "देवाने ऐकलं नाही का?" मला उत्तर आलं नाही. 'देवाला ते हवे होते' असं तिला कृपा करून कुणी सांगू नये, असं मी घरच्यांना बजावलं. मुलं मग देवालाच घाबरतात. मेलेल्या लाजराला जिवंत उठवायला निघालेला येशूसुद्धा आधी रडला (योहान ११:३५), एवढं तिला दाखवलं. मग आम्ही दोघी रडलो. 'परमेश्वरा, कुठवर?' असं विचारणारं स्तोत्र १३ तिने स्वतः शोधलं. "असं देवाला विचारलं तर चालतं?" चालतं, म्हटलं, बायबलमध्येच आहे.

*

माझा मुलगा मोठा आहे, विश्वासापासून दूर आहे. मला संत ऑगस्टिनच्या आईचा, मोनिकाचा आधार वाटतो. तिने मुलासाठी वर्षानुवर्षं अश्रू ढाळले. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि ती त्याच वर्षी वारली. मी रोज पहाटे मुलाचं नाव घेते. त्याला ते ठाऊक आहे. परवा फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आई, उद्या माझी मुलाखत आहे. पहाटे जरा जास्त वेळ बस."