झॅक बाउनला मोठा करार द्यावा का? ईगल्सच्या लाइनबॅकरांबद्दल एक प्रश्न

डावी_कव्हर (दांडिया बाजार, वडोदरा), २४ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सचा आहे आणि दोन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये. त्यांच्या बचावात मध्ये उभा राहणारा लाइनबॅकर झॅक बाउन, त्याचा एक वर्षाचा करार संपतोय. १० मार्चला आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजल्यापासून बाकीच्या संघांना त्याच्या एजंटशी बोलायची मुभा मिळेल, आणि १२ तारखेची रात्र उलटून दीड वाजले की तो कुठेही सही करायला मोकळा. त्याला तीन-चार वर्षांचा भरघोस करार देऊन ठेवून घ्यावा, की जाऊ द्यावा आणि गेल्या वर्षीसारखा पुन्हा एखादा स्वस्तातला लाइनबॅकर शोधावा?

माझं मत आधीच सांगते: ठेवून घ्यावा. का ते सविस्तर लिहिते, मग तुम्ही खोडून काढा.

मागच्या मार्चमध्ये ईगल्सने दोन लाइनबॅकर घेतले होते. एक डेव्हिन व्हाइट. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंची निवड) पाचवा निवडलेला, टॅम्पा बे बरोबर सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकलेला, नाव मोठं. दुसरा बाउन, एका वर्षाचे ३५ लाख डॉलर. न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं तो बहुतेक स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणारी तुकडी) धावत होता, अधूनमधून कडेला उभा राहून क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, सोडला जायचा. व्हाइट ईगल्ससाठी एकही सामना न खेळता ऑक्टोबरमध्ये मोकळा झाला. बाउनला बचावाचे कोच विक फँजिओने कडेवरून उचलून मध्ये आणलं, आणि ब्राझीलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने १५ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) आणि २ सॅक (फेक सुटायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं) केले. हंगाम संपला तेव्हा १५१ टॅकल आणि ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात नाव. माणूस तोच होता, फक्त उभं राहायची जागा बदलली.

१० फेब्रुवारीला पहाटे पाच वाजता ईगल्स-चीफ्स सुपर बोलसाठी वाड्यातल्या मधल्या खोलीत लॅपटॉप लावला होता. (मामेभाऊ फिलाडेल्फियाजवळ राहतो. २०१८ साली ईगल्स पहिल्यांदा सुपर बोल जिंकले तेव्हा त्याने मला हा खेळ लावला.) दुसऱ्या क्वार्टरमध्ये चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स दबावाखाली आला, त्याने मध्ये चेंडू सोडला आणि बाउनने झेपावून तो जमिनीलगत धरला. लगेच आपल्या ए. जे. ब्राउनचा टचडाउन, मध्यंतराला २४-०. ज्या मैदानावर चार वर्षं त्याला कुणी मधल्या जागेत खेळवला नाही, तेच हे न्यू ऑर्लिन्सचं मैदान. ती फेक मी आठ-दहा वेळा मागे नेऊन बघितली. तुम्हीही बघा, पण चेंडू सोडून त्याच्या पायांकडे बघा. फेक सुटेपर्यंत जागा सोडत नाही. ही सवय विकत मिळत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, तर मी स्वतः बारा वर्षं कबड्डी खेळले, डावी कव्हर. आता शाळेत पीटी शिकवते. आमच्या संघात डाव्या कोपऱ्यावर एक मुलगी होती, वाडी भागातली. साखळीत तिचा हात माझ्या हातात असायचा. पकडीला जायच्या आधी ती माझी करंगळी दोनदा दाबायची. बस, तेवढंच. पहिल्या दाबाला मी वजन पुढच्या पायावर घ्यायचे, दुसऱ्याला ती चढाई करणारीच्या घोट्यावर पडलेली असायची आणि मी वरून कंबर धरायला पोहोचलेली. तीन वर्षांत हे कधी बोलून ठरवलं नव्हतं, आपोआप बसत गेलं. एका उन्हाळ्यात तिने मंडळाकडे बसभाडं आणि बुटांचे पैसे मागितले. मंडळाने नाही म्हटलं, दुसऱ्या मंडळाने हो म्हटलं, ती गेली. तिच्या जागी जी आली ती अंगाने दणकट, पकड तिच्याहून घट्ट. पण उपांत्य सामन्यात ती घोट्याला गेली तेव्हा मला कळलंच नाही. मी अर्धं पाऊल मागे राहिले आणि समोरची दोघींमधून निसटून मध्यरेषेवर हात टेकून आली. बसभाड्याची रक्कम आजही आठवते, एवढी लहान होती.

तर सांगा. पैशांचं गणित मला नीट येत नाही, ते ज्यांना येतं त्यांनी लिहावं.


नवा_भिडू (वडोदरा), २४ फेब्रुवारी

ताई, मी युनिव्हर्सिटीत शिकतो, होस्टेलवर याच हंगामात हा खेळ बघायला लागलो. लाइनबॅकर नक्की करतो काय? क्वार्टरबॅक, रिसीव्हर कळतात. हा कधी पुढे दिसतो, कधी मागे.


डावी_कव्हर, २४ फेब्रुवारी

चांगलं विचारलंस. अगदी पुढे चौघं-पाचजण समोरच्याला ढकलत असतात, अगदी मागे पळणाऱ्यांना झाकणारे असतात. मधल्या चार-पाच यार्डांच्या पट्टीत उभा असतो तो लाइनबॅकर. खेळ सुरू झाला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्याला ठरवायचं असतं: समोरचा चेंडू घेऊन धावणार आहे की फेकणार आहे? धावणार असेल तर पुढे जाऊन फट बुजवायची. फेकणार असेल तर मागे सरकून मधली जागा धरायची. पुढे गेला आणि फेक आली तर डोक्यावरून चेंडू जातो, मागे राहिला आणि धाव आली तर दहा यार्ड गेले.

कबड्डीतली कव्हर हेच करते. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो तो खरा आहे की हूल आहे, हे त्याच्या कमरेवरून ओळखायचं. खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. पुढच्या सामन्यात फक्त बाउनकडे बघत बस, चेंडू तुला आपोआप दिसेल.


रावपुरा_सीए, २८ फेब्रुवारी

ताई, करंगळीचं वाचून मी थोडा वेळ थांबलो. पण आता वही उघडतो.

यंदाची पगाराची कमाल मर्यादा जाहीर झाली, प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर. मोठा आकडा वाटतो, पण ईगल्सकडे महागडे खेळाडू भरपूर आहेत. काही जण म्हणतायत बाउनला फ्रँचायझी टॅग लावा, म्हणजे वर्षभर बांधला जाईल. ते विसरा. लाइनबॅकरच्या टॅगचा वर्षाचा पगार अडीच कोटी डॉलरच्या वर आहे, कारण लीग बाउनसारख्या मधल्यांना आणि क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्या कडेच्यांना एकाच खान्यात धरते. कडेच्यांचे पगार आभाळाला भिडलेले, त्यामुळे सरासरीही चढते. प्रो कबड्डीत फायनल बिड मॅचचं कार्ड दाखवून शेवटच्या बोलीवर आपला माणूस परत घेता येतो, इथे तसा हक्क हवा तर आधी महागडा टॅगच लावावा लागतो.

आता बाजारात मधल्या लाइनबॅकरवर पैसे ओतणाऱ्यांचं काय झालं ते बघा. जेट्सने २०१९ मध्ये सी. जे. मोझलीला पाच वर्षांचे साडेआठ कोटी दिले, त्या हंगामात तो दुखापतीमुळे दोनच सामने खेळला. बेअर्सने २०२३ मध्ये ट्रेमेन एडमंड्सला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले. खेळाडू चांगला आहे, पण त्याने संघ वर आला असं कुणी म्हणणार नाही. बाउन २८ वर्षांचा आहे आणि मधल्या जागेवर त्याचा हा एकच हंगाम. एका वर्षाच्या ताळेबंदावर मी कुणाला कर्ज देणार नाही.

आणि सुपर बोलचंच बघा. फँजिओने त्या रात्री माहोम्सवर एकदाही ब्लिट्झ (पुढच्या फळीच्या जोडीला मागची माणसंही सोडणं) पाठवला नाही. पुढच्या चौघांनीच सहा सॅकपर्यंत मजल मारली. स्वेटचे अडीच, मिल्टन विल्यम्सचे दोन. बाउनच्या हातात ती फेक आली कारण माहोम्सला श्वास घ्यायला वेळ नव्हता. पैसे पुढच्या फळीला द्या. ईगल्सची रीतच ती आहे. १९७९ च्या जेरी रॉबिन्सननंतर २०२४ च्या ड्राफ्टपर्यंत त्यांनी मधल्या लाइनबॅकरवर पहिली फेरी खर्च केली नव्हती.


राजवाडा_पहाटपाळी (इंदूर), १ मार्च

सीए साहेब, गणित बिनचूक आहे, पण त्याच काटकसरीचं एक दुसरं पान मी उलटतो.

२०२३ च्या मार्चमध्ये टी. जे. एडवर्ड्सला बेअर्सने तीन वर्षांचे १ कोटी ९५ लाख दिले आणि ईगल्सने त्याला जाऊ दिलं. एवढी रक्कमही त्यांना लाइनबॅकरसाठी जास्त वाटली. मग तो हंगाम आठवा. १० विजय १ हार अशी सुरुवात, आणि पुढच्या सहा सामन्यांत एकच विजय. मधली पट्टी उघडी पडली होती, डिसेंबरमध्ये कोल्ट्सने सोडलेल्या शकील लेनर्डला आणून ठिगळ लावायची वेळ आली. जानेवारीत टॅम्पा बेने ३२-९ ने घरी पाठवलं. तो सामना मी दुकान उघडायच्या आधी बघितला होता आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी धड बोललो नाही.

जेरेमाया ट्रॉटरचीही गोष्ट आहे. २००२ मध्ये ईगल्सने त्याला टॅग लावला, तो चिडला, टॅग मागे घेतला गेला आणि तो वॉशिंग्टनला निघून गेला. दोन वर्षांनी तो परत आला, २००४ मध्ये. आधी स्पेशल टीम्सवर होता, हंगामाच्या मध्यावर त्याला मधली जागा दिली, आणि त्याची प्रो बोलसाठी (निवडक खेळाडूंचा सामना) निवड झाली, संघही सुपर बोलपर्यंत पोहोचला. तेव्हा कोच होते अँडी रीड, जे परवा चीफ्सच्या बाजूने हरले. आता ट्रॉटरचा मुलगा ईगल्समध्येच लाइनबॅकर आहे, गेल्या वर्षी पाचव्या फेरीत घेतलेला. गेलेला माणूस परत येईलच असं दरवेळी होत नाही. हातात आहे तोवर धरा.


डावी_कव्हर, २ मार्च

दोघांचेही आभार. रावपुराकर, पुढच्या फळीबद्दल तुमचं म्हणणं पटतं, पण उलट्या बाजूने. स्वेट आणि विल्यम्स दोघांचेही करार संपतायत आणि दोघांनाही बाजारात एवढं मिळेल की ईगल्स ते देणार नाहीत. पुढचे चौघं कच्चे झाले की क्वार्टरबॅकला वेळ मिळणार, आणि वेळ मिळाला की मधल्या माणसाचं काम दुप्पट होणार. म्हणजे नेमका यंदाच बाउन जास्त लागणार.

प्रो कबड्डीचं नाव काढलंत म्हणून सांगते. मागच्या वर्षी १ मार्चला पुणेरी पलटण चॅम्पियन झाली, बचावपटू शादलू त्यांच्यात होता. ऑगस्टच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. डिसेंबरात हरियाणा चॅम्पियन, आणि पुणे प्लेऑफलासुद्धा नाही. एका माणसाने सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण बचावात एक हात सुटला की शेजारचे दोन हात चुकतात, हे मी अंगावर घेतलंय.


रावपुरा_सीए, ६ मार्च

ताई, बातमी बघितलीत का? बाजार उघडायच्या आधीच सही झाली. तीन वर्षांचे ५ कोटी १० लाख, त्यातले ३ कोटी ४० लाख हमीचे. वर्षाला १ कोटी ७० लाख पडले. रोक्वान स्मिथला रेव्हन्स वर्षाला २ कोटी देतात, त्या मानाने भाव रास्त आहे हे मी मान्य करतो. गेल्या वर्षीच्या ३५ लाखांच्या जवळपास पाचपट. मी एवढे दिले नसते, पण अभिनंदन.


डावी_कव्हर, १४ मार्च

सकाळी शाळेत जाण्याआधी वाचली होती, मैदानावर मुलींना रांगेत उभं करताना मनात तेच होतं. मामेभावाला फोन केला तेव्हा त्याच्याकडे रात्र होती, तरी उचलला.

पण पुढची फळी खरंच गेली. मिल्टन विल्यम्स पॅट्रियट्सकडे, चार वर्षांचे १० कोटी ४० लाख. स्वेट कार्डिनल्सकडे, ७ कोटी ६४ लाख. आणि ज्याच्याशी बाउनचं वर्षभर जमलं होतं तो नकोबी डीन जानेवारीत पॅकर्सविरुद्ध गुडघ्याचा स्नायुबंध फाटून बसला आहे. अशा दुखापतीतून माणूस सावकाश परत येतो, माझ्या दोन विद्यार्थिनींचे गुडघे मी बघितलेत. सप्टेंबरला बाउनच्या शेजारी कोण उभा राहणार? इंदूरकर, ट्रॉटरच्या मुलाला तुम्ही कॉलेजात खेळताना बघितलं असेल तर लिहा. तो फेक आली की मागे सरकतो का, की पुढेच धावतो?