विषय: पणजोबांचं पदक – कडेवरची अक्षरं झिजली आहेत, रविवार रात्रीच्या आत पलटण हवी

ताई, दौलतगंज
मंडळी, स्मरणिका सोमवारी छापायला जातेय आणि पणजोबांच्या पानावर पलटणीची जागा अजून कोरी आहे. पहिल्या महायुद्धातलं त्यांचं पदक सापडलं, पण कड पार गुळगुळीत. मागे घोडेस्वार आहे म्हणून आजीनं ते जन्मभर खंडोबाचा टाक समजून देवघरात पुजलं, दर रविवारी चिंचेनं घासलं. आता कडेवर इंग्रजीत ‘ग्वाल्हेर’ तेवढं वाचता येतं. इथले, ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातले सोनार म्हणतात, पॉलिश करून देतो, अक्षरं उठतील. देऊ का? घरी सगळे सांगतात की पणजोबा मराठा पलटणीत होते, बसऱ्याला, म्हणजे इराकात गेले. तेच छापून टाकू?

अण्णा, जनकगंज
पॉलिशला अजिबात देऊ नकोस. पॉलिशनं अक्षरं उठत नाहीत, उरलेली चांदीही जाते. आमच्या थोरल्या काकांच्या पदकावरचं नाव असंच गेलं, मला ते अजून लागतं. पातळ कागद कडेवर ताणून धर, मऊ पेन्सिल आडवी फिरव. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका अंगानं धरून मोबाइलवर फोटो काढ, कड जरा जरा फिरवत.

आणि ‘ग्वाल्हेर’ दिसतंय तर मराठा पलटण लिहू नकोस. १०३, ११०, ११७ वगैरे मराठा पलटणी ब्रिटिश हिंदी फौजेच्या. आपली तिसरी आणि चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री (पायदळ) दरबाराची, म्हणजे संस्थानाची स्वतःची; तेव्हा माधवराव महाराज शिंदे गादीवर होते. तिसरी नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाला लढली. चौथी सुएझ कालव्यावर होती, पुढे पॅलेस्टाइनला गेली. म्हणून ग्वाल्हेरच्या आधीचा आकडा मिळाला की सगळं मिळालं.

वहिनी, मुरार
पानं मी लावते आहे, रविवारी रात्री नऊनंतर बदल घेणार नाही. ताई, कडेवर आडनाव दिसलं नाही तर घाबरू नकोस. शिपायाचं नुसतं नाव असायचं, कागदांत बरोबर बापाचं नाव आणि गाव. आडनावावरून शोधत बसलीस तर पणजोबा कधीच सापडणार नाहीत.
लाहोरला पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची रजिस्टरं निघाली आहेत ना, सव्वातीन लाखांच्या आसपास नावं? त्यात बघा.

दादा, लंडन (घर शिंदे की छावणी)
वहिनी, ती रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयातली, २०२१ मध्ये लोकांसमोर आली, पण ती पंजाबची आहेत. ग्वाल्हेरचं त्यात मिळणार नाही. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीतही नको शोधायला. तिथे मेलेल्यांची नावं आहेत आणि ताईचे पणजोबा घरी परत आले होते. त्या काळी आडनावं नव्हती असंही वाटू देऊ नका. होती, कारकुनानं लिहिली नाहीत.

काकू, कंपू
ताई, पदक देवघरातून काढू नकोस एवढं सांगते. आजीनं पुजलं ते माणसालाच पुजलं.
आणि बसरा असंच लिहू नका, मनापासून विनंती. माझ्या माहेरचे आजोबा ११७व्या मराठा पलटणीतून खरोखर गेले होते. इराकातल्या कुट-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होते, डिसेंबर १९१५ पासून. धान्य संपलं तरी कितीतरी हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं नाही, एप्रिल उजाडेपर्यंत. २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं, पुढे तुर्कांची कैद. आजोबांची काही खबर आली नाही. आजीनं कुंकू पुसावं की नाही हे घरात कुणाला ठरवता येईना, ती तशीच राहिली, कुंकू लावून. आमच्याकडे बसरा म्हटलं की हे आठवतं. पुढे लोक समुद्रापलीकडे गेलेल्या सगळ्यांनाच ‘बसऱ्याला गेले’ म्हणायला लागले. तुझ्याकडेही तसंच झालं असेल.

वहिनी, मुरार
काकू, हे तुम्ही आजपर्यंत सांगितलं नाहीत. पुढच्या वर्षी तुमचं एक पान ठेवते.

ताई, दौलतगंज
कागद-पेन्सिलनं निघालं! ग्वाल्हेरच्या आधी ४ आहे, टॉर्चमध्येही तोच दिसतो. फोटो जोडला आहे.
अण्णा, एक विचारायचंय. आजी सांगायची, पणजोबांनी असा समुद्र पाहिला की पाण्यात पडलं तरी माणूस बुडत नाही, आणि अंगावर मीठ वाळतं. आम्ही लहानपणी ती गोष्ट म्हणून ऐकली. चौथी तिकडे होती का?

अण्णा, जनकगंज
होती! मेल वाचला आणि उठून उभा राहिलो. १९१८ च्या उन्हाळ्यात विसावी हिंदी ब्रिगेड जॉर्डनच्या खोऱ्यात होती. तिच्यात चौथी ग्वाल्हेर, अलवार आणि पतियाळा संस्थानांच्या पलटणी आणि बरोबर ११०वी मराठा. घरातली मराठा पलटण तिथूनच आली असणार, शेजारच्या तंबूंतून. खोऱ्याच्या दक्षिणेला मृत समुद्र. सप्टेंबरात हीच ब्रिगेड न्यूझीलंडच्या जनरल चेटर यांच्या फौजेत होती आणि २५ तारखेला त्या फौजेनं अम्मान घेतलं.
लिही: चौथी ग्वाल्हेर इन्फंट्री. आजीचं समुद्राचं वाक्य तिच्याच शब्दांत छाप, त्याला हात लावू नकोस.

ताई, दौलतगंज
वहिनी, मजकूर पाठवलाय, साडेआठ वाजलेत. आजीचं वाक्य वरती घ्या, पलटण खाली. काकू, पदक देवघरात परत ठेवलं. चिंच बंद, आता नुसतं कोरडं फडकं.